आधी दोर वर गेला

महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीवरचं पांढरं कापड उचलण्याआधी पाळकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मागच्या बाकाकडे पाहिलं. त्यांच्याबरोबर सगळ्या मंडळीच्या माना वळल्या.

"बाई, मिटलं का?"

"नाही," थोरली म्हणाली.

"आणि तुझ्या बाजूनं?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला तिचा दीर बसला होता. त्याला सगळे धाकटाच म्हणत. तो अर्धवट उठला. "माझ्या बाजूनं केव्हाच मिटलंय, पाळकसाहेब. वाद माझा नाहीच."

"एका बाजूनं मिटत नाही," पाळक म्हणाले. हे वाक्य ते पाचव्यांदा म्हणत होते. त्यांनी चष्मा खाली घेतला, कापड उचललं आणि प्रार्थना सुरू केली.

हा रिवाज इमारतीपेक्षा जुना होता. ज्या दोघांत तंटा आहे त्यांनी प्रभुभोजनाला पुढे यायचं नाही. मिटेपर्यंत दोघांनी मागच्या बाकावर बसायचं, एकानं या टोकाला, दुसऱ्यानं त्या. बाकाला पाठ नव्हती. ज्या सुतारानं तो केला त्याचा नातू सांगायचा, आजोबांनी रंधा मुद्दाम मारला नाही. कुंपणाचे, कोंबड्यांचे, पाणंदीचे तंटे बहुधा दुसऱ्या रविवारी मिटत. एका पातेल्यावरून दोन बहिणी तीन महिने बसल्या होत्या, त्याची गोष्ट लोक अजून सांगत. आता तीही मागे पडली.

धाकटा मंडळीचा पंच होता. नऊ वर्षं भाकरीचं ताट तोच फिरवायचा. आता ते न्हाव्याकडे गेलं होतं. न्हावी ताट दोन्ही हातांनी छातीशी धरून चालायचा, जणू कोणी हिसकावून घेईल. धाकटा दर वेळी त्याच्याकडे बघायचा आणि थोरली धाकट्याकडे.

रिवाजाची ही धार तिची तिनंच शोधली होती. 'नाही' म्हणणाऱ्याची भाकर जाते, पण समोरच्याचीही जाते. तिला त्या भाकरीची भूक नव्हती असं नाही. लहानपणापासून तिचा एकही पहिला रविवार चुकला नव्हता. पण त्याला ती मिळत नाही हे बघायची भूक जास्त होती.

पहिल्या रांगेत, वाटेच्या कडेला, तिचा नवरा बसला होता. डावा पाय लाकडासारखा सरळ पुढे. न्हाव्यानं ताट त्याच्यापुढे धरलं. त्यानं तुकडा घेतला, डोळे मिटले, खाल्ला. दवाखान्यातच, तिसऱ्या आठवड्यात, त्यानं पाळकांना सांगितलं होतं, "माझ्याकडून माफ." त्यावर पाळकांनी एक अख्खा उपदेश केला होता. तेव्हापासून बायका रस्त्यात त्याच्याकडे बघून हळू बोलत.

*

दोघे भाऊ विहिरी खोदायचे. थोरला खाली, धाकटा वर, यारीवर. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर रोवलेलं लोखंडी तिकाटणं. त्यात एक रूळ, रुळाला हँडल आणि दातेरी चाक. चाकावर बोटाएवढा खटका असतो. ओझं वर येताना तो दर दाताला टक् वाजतो आणि चाक उलटं फिरू देत नाही. हँडल सुटलं तरी ओझं जागच्या जागी राहतं. खालचा माणूस त्या टक्-टक् आवाजावर मान खाली घालून काम करतो. खटका टाकायला एक बोट लागतं. पण रिकामी पाटी खाली सोडताना तो दर वेळी उचलावा लागतो, म्हणून घाईतली माणसं तो तसाच उचललेला ठेवतात.

दगड बांधायचं काम खालच्याचं. बावीस वर्षांत थोरल्याची एकही गाठ सुटली नव्हती. लोक त्याला गाठवालाच म्हणायचे. गाडी भरताना, झाड उतरवताना, पिसाळलेला बैल धरताना त्याला बोलावणं यायचं.

थंडीच्या सुरुवातीला, मळेवाल्यांच्या विहिरीत, तीस फुटांवर, त्यानं दीड मणाचा दगड बांधून दोर हलवला. दगड वर गेला. वीसेक फूट गेल्यावर खाली आला आणि त्याचा खुबा चुरला.

धाकट्यानं मंडळीला सांगितलं, गाठ सुटली. लोक धावत आले तेव्हा दोर यारीवर नीट गुंडाळलेला होता, दगड खाली होता. गाठ सुटली तरच असं दिसतं. खटका नसता तर रूळ मोकळा फिरून दोर दगडाबरोबर खाली आला असता. पोराटोरांनाही कळावं इतकं सरळ होतं.

दवाखान्यात, तापात, थोरल्यानं बायकोला एकदाच सांगितलं. "टक् वाजत नव्हतं. दगड पडला तेव्हा दोर माझ्या तोंडावर पडला. हा शिडीनं खाली आला. माझ्याकडे बघितलं नाही. सुरीनं गाठ कापली, तुकडा खिशात घातला. वर गेला. आधी दोर वर गेला. मग हाक."

तिनं ते मंडळीपुढे मांडलं. धाकटा खेदानं म्हणाला, "दादाच्या कानात माती गेली होती, वहिनी. ताप होता त्याला. मी मनावर घेत नाही."

ती त्याच दिवशी जाऊन मागच्या बाकावर बसली. पाळकांनी त्यालाही मागे बसायला सांगितलं.

*

गाठवाला आता घरात बसून दोर वळायचा. ते कोणी घेत नव्हतं. थोरली रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. हातोडीच्या दांड्यानं तिच्या तळहातांना दोन आठवड्यांत घट्टे पडले. दुपारी बायका झाडाखाली जेवायला बसल्या की कोणीतरी डबा फडक्यात बांधताना म्हणायची, "बघ गं बाई, मी बांधते, तू नको बांधूस." सगळ्या हसायच्या. हसण्यात फार वाईट काही नव्हतं. तेच तिला जास्त लागायचं.

त्या रविवारी चर्चमधून परतल्यावर शेजारची म्हातारी बकरी घेऊन आली. दावं तुटलं होतं. गाठवाल्यानं बसल्या बसल्या ते जोडलं आणि बकरी दाराच्या खुंटीला बांधून दिली. म्हातारीनं हात जोडले. "देवमाणूस आहेस बाबा." मग बकरी सोडून ती अंगणाबाहेर गेली, कुंपणाआड वाकली. थोरलीला खिडकीतून दिसलं. म्हातारीनं दाव्यातली त्याची गाठ सोडली आणि स्वतः पुन्हा मारली.

खिडकी त्याच्याही समोरच होती.

"वयस्कर आहे," तो म्हणाला. "तिला सवय असेल तशी."

"हो."

"तू सोड आता हे, अगं. पाच महिने झाले. मी सोडलंय ना?"

"तुमचा पाय तुमचा. तुम्ही माफ करा. गाठ माझ्या घराची आहे."

"माझी गाठ मला ठाऊक आहे."

"मला पण ठाऊक आहे. म्हणून तर मी खडी फोडते आणि तो यारीवर उभा राहतो."

दोराचे तीन पदर पायाच्या अंगठ्यात अडकवून तो वळत राहिला, फार घट्ट.

*

बुधवारी दुपारी धाकटा स्वतः आला. दारातच उभा राहिला.

"वहिनी, काम घेऊन आलोय."

"भाऊजी, काम तर तुम्हीच घेऊन गेला होतात."

त्यानं ते गिळलं. मळेवाल्यांची विहीर चाळीस फुटांवर गेली होती. खालचा दगड ओला लागत होता, दहा फुटांत पाणी. पावसाळ्याला सहा आठवडे. त्याआधी बांधून काढली नाही तर वरची माती ढासळणार आणि सगळी मेहनत बुजणार. खाली आता तो स्वतः उतरायचा. वर ठेवलेला गडी दोन दिवसांपूर्वी, "माझ्या हातून माणूस मेला तर?" असं म्हणून निघून गेला होता.

"यारी तुम्हाला येते," तो म्हणाला. "दादा आजारी असायचा तेव्हा तुम्हीच ओढायचात. दुसऱ्या कोणाच्या हाताखाली मी उतरणार नाही."

"माझ्या हाताखाली उतराल?"

"तुम्ही देवाला भिणाऱ्या आहात." हे त्यानं अगदी सहज म्हटलं. पाच महिने तिनं त्याच्या घशाखाली तुकडा उतरू दिला नव्हता, आणि त्याला तिची खात्री होती.

"उद्या येते," ती म्हणाली.

तो गेल्यावर गाठवाल्यानं विचारलं, "का हो म्हणालीस?"

"खडीपेक्षा बरं."

त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "खटक्याचं तेल बघून घे," एवढंच म्हणाला.

*

पहिले चार दिवस तिनं चोख काम केलं. सकाळी यारीचे पाय हलवून बघायची, दोर हातभर हातभर चाचपायची, खटक्यात तेल सोडायची. पाटी वर आली की दोन मजुरणी ती काठावर ओढून रिकामी करत. मळेवाले छत्री घेऊन दगडांच्या ढिगावर बसत आणि दर तासाला विचारत, "ओल वाढली का?" ते काही वाईट गृहस्थ नव्हते. फक्त विहिरीला ते बाळंतपणाला आलेल्या मुलीसारखं जपत होते.

खालून धाकट्याची पहार वाजायची. मग तो दोर दोनदा हलवायचा. ती हँडल फिरवू लागायची. टक्, टक्, टक्. पाटी डोक्यावरून वर जात असताना पहारीचा आवाज थांबायचा नाही. तो वर बघायचाही नाही. तिला ते असह्य होत होतं. तिच्या नवऱ्यानंही असंच वर बघितलं नव्हतं.

मंगळवारी, दुपारच्या जेवणानंतर, चाळीस किलो दगडाची पाटी वर येत होती. निम्मी वाट झाली. तिनं हँडल अर्धा वेढा पुढे नेलं, सगळा भार मनगटांवर घेतला आणि डाव्या कोपरानं खटका उचलला.

टक् थांबलं. चार-पाच श्वासांनी पहारही थांबली.

"वहिनी?"

तिनं हँडल तसंच धरून ठेवलं.

"वहिनी, आवाज येत नाही. खटका पडला नसेल. बघा जरा."

"खटक्याचं मागून बघू," ती म्हणाली. "आधी दोराचं सांग."

विहीर सात फूट रुंद होती. खाली सरकायला जागा नव्हती, दगड भिंतीवर आपटून कुठेही आला असता. तिनं त्याला आयुष्यात पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं, तेही त्याला ऐकू गेलं.

"वहिनी, पाटी आधी वर घ्या. मग बोलू."

"त्या दिवशी आधी काय वर गेलं?"

मजुरणी जवळ आल्या. मळेवाल्यांनी छत्री मिटली. "काय झालं? ओल आली?"

"काही नाही," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "घरचं बोलतोय." खटका तिच्या बाजूला होता. त्यांच्या बाजूनं नुसता रूळ दिसत होता आणि हँडलवर वाकलेली बाई.

"दोर," खालून आवाज आला.

"मोठ्यानं."

"दोर. आधी दोर वर घेतला. मग हाक मारली."

विहीर आवाज वर आणते, व्यासपीठापेक्षा स्वच्छ. एका मजुरणीनं पदर तोंडात धरला.

"गाठ सुटली होती?"

"नव्हती. मी कापली."

"आणि खटका?"

"टाकला नव्हता. घाम पुसायला हात काढला... वहिनी, मला लेकरं आहेत."

तिला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तेव्हाच तिच्या लक्षात आलं की तिचे तळहात घामानं निसरडे झालेत, आणि भार अंगावर असताना कोपर आता तिथवर पोचत नाही; खटका टाकायचा तर एक हात काढावा लागेल. हँडल बोटभर मागे सरकलं. तिनं छाती लावली. बरगडीत कळ गेली. खाली तो रडत होता, किंवा काहीतरी पुटपुटत होता. आणि दोन श्वास, मोजून दोन, तिला खटका टाकायचाच नव्हता. हात थकले म्हणून नव्हे. तिला तो दगड खाली जाताना ऐकायचा होता.

मग तिनं गुडघा वर आणून खटका खाली ढकलला. टक्. उरलेले वीस फूट तिनं पाटी ओढली, रिकामी केली, परत सोडली.

धाकटा शिडीनं वर आला तेव्हा त्याच्या ओठांना रंग नव्हता. तो काठावर बसला. तो तिला म्हणाला, "आवाज नव्हता."

"कानात माती गेली असेल," थोरली म्हणाली.

तिनं पाच महिने हे वाक्य तोंडात धरून ठेवलं होतं. ते बाहेर पडताना फार गोड लागलं.

*

संध्याकाळपर्यंत ते सगळीकडे पोहोचलं आणि तिथेच त्याचे दोन तुकडे झाले. न्हाव्याच्या दुकानात अर्धे म्हणाले, शेवटी तोंडातून खरं निघालंच. उरलेले म्हणाले, डोक्यावर पाटी टांगली तर मीही म्हणेन की मी राजाचा जावई आहे. धाकट्यानं सांगितलं, तिनं खटका काढून मला धमकावलं, जीव वाचवायला बोललो. मजुरणी म्हणाल्या, आम्हाला खटका दिसला नाही बाई, पण ती शांत उभी होती. मळेवाल्यांनी काम थांबवलं.

शनिवारी दुपारी पाळक घरी आले. पाणी प्यायले. तिच्यासमोर खुर्चीवर बसले.

"मला एकच विचारायचं आहे. खटका लागलेला होता का? होता, तर तो आपखुशीनं बोलला. मंडळी ते धरेल आणि मी उद्या सगळ्यांपुढे सांगेन की गाठ सुटली नव्हती. पण खटका नव्हता, तर भीतीनं बोललेलं मी धरू शकत नाही. मग जे होतं तेच राहील."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी तिथे नव्हतो. तू होतीस." ते उठले. "उद्या सगळ्यांपुढे विचारेन. आत्ता सांगू नकोस. घाईनं सांगशील."

ते गेल्यावर गाठवाल्यानं हातातला दोर खाली ठेवला.

"नव्हता ना?"

"नव्हता."

तिला वाटलं, तो आता शास्त्रातलं वचन सांगेल, किंवा नुसता डोळे मिटेल, दवाखान्यात मिटले होते तसे. तो म्हणाला, "मग सांगू नकोस."

"काय?"

"होता म्हण. त्याला काय माहीत, त्यानं नुसतं ऐकलं. बघितलं कोणीच नाही." तो खालच्या आवाजात, भराभर बोलत होता. "पुन्हा कोणी माझी गाठ सोडून बघणार नाही. एवढं एक वाक्य. नाहीतरी तो बोलला ते खरंच आहे ना? खऱ्याला थोडा टेकू दिला तर काय बिघडतं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. वीस वर्षांच्या संसारात हा चेहरा तिनं पाहिला नव्हता. बारीक झालेले डोळे, आवळलेला जबडा. मग तिला वाटलं, पाहिलाय. रोज सकाळी वेणी घालताना, आरशात.

"तुम्ही तर माफ केलं होतं," ती म्हणाली.

त्यानं दोर उचलला आणि वळायला लागला.

*

रविवारी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. हा काही महिन्याचा पहिला रविवार नव्हता. पण पाळकांनी भाकर मांडली होती. मळेवाले वर्षातून दोनदा यायचे, तेही आले होते, छत्रीसकट. थोरली बाकाच्या आपल्या टोकाला बसली. धाकटा त्याच्या टोकाला. त्याची बायको बायकांच्या रांगेत होती. तिनं सकाळपासून जावेकडे मान वळवली नव्हती.

पाळकांनी चष्मा कपाळावर नेला. "बाई. खटका लागलेला होता का?"

ती उठली. बरगडी अजून दुखत होती. पहिल्या रांगेत नवऱ्याची मान वळली नव्हती, फक्त मानेची शीर ताठ झाली होती. तिनं ठरवून आणलं होतं ते 'होता' जिभेवर होतं. दोन अक्षरं. मग ती यारीपाशी होती, हँडल छातीशी, आणि ते दोन श्वास. ते कोणीच बघितले नव्हते. ज्या देवाच्या नावानं ती पाच महिने या लाकडावर बसली, त्याला मात्र ते ठाऊक होते.

"नव्हता," ती म्हणाली. "मी काढला. कोपरानं. आणि नंतर लगेच टाकलाही नाही. मला तो दगड पडायला हवा होता."

कोणी तरी 'अगं बाई' म्हणालं.

"किती वेळ?" पाळकांनी विचारलं.

"दोन श्वास."

ती बसली. तिला वाटलं होतं, खरं बोलल्यावर अंग हलकं होतं. तसं काही झालं नाही. तिनं नवऱ्याचं नाव आपल्या हातानं पुरलं होतं, एवढंच झालं होतं.

पाळक धाकट्याकडे वळले. "म्हणजे आता तंटा तुझाही आहे. तुझ्या बाजूनं मिटलं का?"

धाकटा खाली बघत होता. "विचार करून सांगतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तिला आपलाच सूर ऐकू आला. आता 'नाही' त्याच्या हातात होतं, आणि त्याला त्याची धार कळली होती.

पाळकांनी कापडाला हात घातला. तेवढ्यात पहिल्या रांगेत कुबडी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. गाठवाला उठत होता. न्हाव्याला वाटलं, त्याला बाहेर जायचंय. तो हात द्यायला पुढे झाला.

"राहू दे," गाठवाला म्हणाला.

वाटेनं मागे यायला त्याला बराच वेळ लागला. पाय पुढे टाकायचा, मग कुबडी, मग पाय. बाकापाशी तो थांबला.

"सरका," त्यानं दोघांना सांगितलं.

"तुम्ही इथे कशाला?" पाळक म्हणाले. "तुम्ही तर केव्हाच..."

"ते खोटं होतं, पाळकसाहेब." तो धापा टाकत होता. "खाटेवर पडलेल्या माणसाला दुसरं काय म्हणता येतं? उठून मारता येत नव्हतं, म्हणून माफ म्हटलं. तुम्ही उपदेश केलात, मग मागे फिरता येईना. पाच महिने ही माझ्या वाटणीचं बसली इथे आणि मी पुढे बसून भाकर खाल्ली. काल हिला खोटं बोल म्हणून मीच सांगितलं. हिनं ऐकलं नाही."

तो बाकाच्या मधोमध बसला. पाय सरळ पुढे. इतक्या वर्षांत त्या बाकावर तिघं कधी बसले नव्हते. फळी करकरली.

पाळक कापडावर हात ठेवून तसेच उभे होते. पुढे काय करायचं, याला बहुधा रिवाज नव्हता.

"दादा," धाकटा म्हणाला. इतका हळू की बाकापलीकडे ऐकू जाऊ नये. "तू वर बघत होतास तेव्हा. मी दोर ओढताना. बघत होतास ना?"

"हो."

"मला वाटलं, बेशुद्ध आहेस."

"नव्हतो."

धाकट्याच्या गुडघ्यांवरचे हात एकमेकांत गेले, सुटले. मग तो उठला. अर्धवट नाही, पूर्ण. त्याच्या डोक्यावर आता छताशिवाय काही नव्हतं.

"खटका मी टाकला नव्हता," तो मोठ्यानं म्हणाला. "गाठ सुटली नव्हती. दादा खाली कण्हत होता आणि मी आधी दोर गुंडाळला. विहिरीत बोललो ते भीतीनं बोललो. पण खरं बोललो. ज्यांना माझ्या यारीवर यायचं नसेल त्यांनी येऊ नये." तो थांबला. "न्हाव्यालाच ताट राहू द्या."

न्हाव्यानं ताट आणखी घट्ट धरलं.

मळेवाल्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. शेजारच्या म्हातारीनं मान खाली घातली. मग पाळकांनी तेच विचारलं जे विचारायचं असतं.

"मिटलं का?"

धाकटा वहिनीकडे न बघता म्हणाला, "माझ्या बाजूनं हो."

गाठवाल्यानं बायकोकडे पाहिलं. सगळी मंडळी तिच्याकडे बघत होती. आता तिच्यापाशी मागायला काही उरलं नव्हतं. तो सगळं बोलला होता, उजेडात, पायांवर उभा राहून. तरी तिनं आत चाचपून पाहिलं, आणि तिथे जे होतं ते जागच्या जागी होतं.

"अजून नाही," ती म्हणाली. "पुढच्या वेळी विचारा. खरंच विचारा."

"माझंही तसंच," गाठवाला म्हणाला.

पाळकांनी मान हलवली. रागावले नाहीत. कापड उचललं, प्रार्थना सुरू केली, आणि माणसं रांगेनं पुढे जाऊ लागली. बाकावरची तिघं बसून राहिली.

गाठवाल्याचा पाय लोंबकळून ठणकायला लागला होता. तो चुळबुळ करत होता. कुठेही टेकवता येत नव्हता, पुढे नुसती मोकळी फरशी होती. धाकट्याच्या ते लक्षात आलं, तसा तो बाकावरून जवळ सरकला. त्यानं विचारलं नाही. दोन्ही हातांनी भावाचा पाय टाचेखालून आणि गुडघ्याखालून धरून उचलला, जपून, आणि आपल्या मांडीवर घेतला.

गाठवाला ताठ झाला. पाय मात्र त्यानं काढून घेतला नाही.

थोरलीनं ते पाहिलं. मग बसल्या बसल्या थोडी नवऱ्याकडे सरकली, त्याला पाठ टेकायला आपला खांदा मिळावा म्हणून.